सहा घरं आणि दोन गुंठे

मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारी पहाटे मी गाडीची किल्ली शोधत होतो, तेव्हा बायकोने झोपेतच विचारलं, "हातोडा घेतलास ना?" एरवी तिचा प्रश्न ठरलेला असतो, "चार्जर घेतलास ना?" अकरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला हातोड्याबद्दल कुणी विचारेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

आम्ही सिएटलजवळ रेडमंडला राहतो. या भागात मराठी माणसं भरपूर. गणपती होतो, ढोल-ताशा होतो, दिवाळी अंकही कुणी ना कुणी घेऊन येतं. आणि भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की एक सहल ठरलेली, सॅन वान बेटं. दीड तास गाडी चालवून अ‍ॅनाकोर्टिसला जायचं, गाडीसकट फेरीत चढायचं, आणि तासाभराने फ्रायडे हार्बरला उतरायचं. ऑर्का मासे बघायचे (मासे नव्हेत ते, पण आईला मी अजून पटवू शकलेलो नाही), लॅव्हेंडरचं शेत बघायचं, आइस्क्रीम खायचं आणि परत.

आम्हाला ही बेटं इतकी आवडली की दोन वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात एक कल्पना आली. तिथे एक छोटं घर घ्यावं. महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी आपण जाऊ, बाकीचे दिवस पर्यटकांना भाड्याने देऊ. हप्ता भाड्यातून सुटेल. माझ्या दोन सहकाऱ्यांनी असं केलेलं होतंच. मी रीतसर एक्सेल शीट केली. उन्हाळ्याचा दर, हिवाळ्याचा दर, साफसफाईचा खर्च, कर, सगळं मांडलं. आकडे जुळत होते.

घरं बघायला म्हणून आम्ही तिथे एक कॉटेज तीन दिवसांसाठी घेतलं. निघायच्या दिवशी साफसफाईला एक बाई आल्या. चाळिशीच्या असतील. मी सहज विचारलं, "तुम्ही इथेच राहता का?"

"जूनपर्यंत इथे राहते," त्या म्हणाल्या. "मग सप्टेंबरपर्यंत मैत्रिणीच्या अंगणात, ट्रेलरमध्ये. मग परत घरात."

मला कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. हिवाळ्यात पर्यटक नसतात, तेव्हा घरमालक स्थानिक लोकांना घर भाड्याने देतो. उन्हाळा आला की तेच घर पर्यटकांना रोजच्या दराने देता येतं. मग स्थानिक माणसाने सामान उचलायचं. दोन मुलांना घेऊन त्या चार वर्षं असंच हलत होत्या. बेटावर कितीतरी जणांचं असंच चालतं, हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, आपण लोकलच्या गर्दीबद्दल सांगतो तसं.

"पण पुढच्या वर्षीपासून नाही," त्या पुढे म्हणाल्या. "घर बांधतेय."

"कोण बांधतंय?"

"मीच."

मी हसलो, कारण मला वाटलं कंत्राटदाराला काम दिलं असेल. त्यांनी हाताचे तळवे दाखवले. "शनिवारी ये कधीतरी. हात नेहमी कमी पडतात."

परतीच्या फेरीत मी ती एक्सेल शीट उघडली. 'साफसफाईचा खर्च' या ओळीवर नजर गेली आणि लॅपटॉप मिटला. माझ्या शीटमध्ये त्या बाई एक आकडा होत्या. आणि शीटमधला उन्हाळ्याचा दर मिळावा म्हणून ज्याला घर रिकामं करावं लागतं, त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

इथे थोडं या बेटांबद्दल सांगायला हवं. सॅन वान ही वॉशिंग्टन राज्यातली काउंटी. वस्ती १८ हजारांच्या आसपास. सरकारी फेरी चार बेटांना जाते, लोपेझ, शॉ, ऑर्कस आणि सॅन वान. मुख्य भूमीला जोडणारा एकही पूल नाही. त्यामुळे सिमेंटचं पोतं असो की खिडकीची काच, सगळं पाण्यावरून येतं आणि महाग होऊन येतं. त्यात सिएटलसारखं पैसेवालं शहर जवळ. माझ्यासारखे लोक 'वीकेंडचं घर' म्हणून घरं घेतात आणि किंमत चढते. मग शाळेतल्या शिक्षिकेला, फेरीवर दोर टाकणाऱ्या माणसाला, दवाखान्यातल्या नर्सला, बेकरीवाल्याला राहायला जागा उरत नाही. घरं आहेत, पण बरीचशी वर्षातले कित्येक महिने बंद. कोकणात ज्यांचं गाव आहे त्यांना हे चित्र नवीन नाही.

जमीन कुणाची, हा वाद या बेटांना जुनाच आहे म्हणा. १८५९ मध्ये एका अमेरिकन शेतकऱ्याने आपले बटाटे खाणारं डुक्कर गोळी घालून मारलं. डुक्कर ब्रिटिश कंपनीचं होतं. बेट नक्की कोणत्या देशाचं हे ठरलेलंच नव्हतं, त्यामुळे दोन्हीकडून सैन्य आलं आणि बारा-तेरा वर्षं ठाण मांडून बसलं. शेवटी १८७२ मध्ये जर्मन सम्राटाच्या निवाड्याने बेटं अमेरिकेकडे आली. त्या सगळ्या 'युद्धा'त बळी गेला तो फक्त डुकराचा.

तर मी त्या शनिवारी पोहोचलो. एका स्थानिक संस्थेने जागा मिळवली होती आणि तिथे सहा कुटुंबं सहा घरं बांधत होती. ही पद्धत अमेरिकेत जुनी आहे. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या वस्त्यांत ती सुरू झाली आणि पुढे केंद्र सरकारच्या कृषी खात्याने ती उचलली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनी गट करायचा. घराच्या कामातले सुमारे ६५ टक्के श्रम त्यांनी स्वतः करायचे. प्लंबिंग, वायरिंग अशी परवान्याची कामं जाणकार करतात. बाकी पाया, भिंती, छप्पर, रंग सगळं यांनी, नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. मदतीला माझ्यासारखे येणारे-जाणारे स्वयंसेवक. डाउन पेमेंटला पैसे नसतात, तिथे हे श्रमच भांडवल ठरतात. कर्ज ३३ वर्षांचं, आणि उत्पन्न फार कमी असेल तर व्याज एक टक्क्यापर्यंत खाली येतं.

पण मला सगळ्यात आवडलेला नियम वेगळाच. सहाही घरं पूर्ण होईपर्यंत कुणीही आपल्या घरात राहायला जायचं नाही. म्हणजे माझं घर झालं, आता तुझं तू बघ, असं चालत नाही. शेजाऱ्याची भिंत उभी राहिली नाही तर तुमचंही कुलूप उघडत नाही. त्यामुळे जो तो आलटून पालटून सगळ्यांच्या घरांवर काम करतो.

आमच्या सुपरवायझर बाई साठीच्या पुढच्या. आयुष्यभर सुतारकाम केलेल्या. त्यांनी मला हेल्मेट दिलं, कमरेला खिळ्यांची पिशवी बांधली आणि एका भिंतीचा सांगाडा ठोकायला बसवलं. इथली घरं लाकडी. जमिनीवर आडव्या फळ्या ठेवायच्या, त्यांच्यामध्ये दर १६ इंचांवर एक उभा दांडा ठोकायचा, आणि सगळा सांगाडा तयार झाला की दहा जणांनी मिळून भिंत उभी करायची. फळीवर पेन्सिलने खुणा केलेल्या असतात. एक रेघ आणि रेघेच्या एका बाजूला फुली. मी दोन तास मान मोडून काम केलं. अकरा दांडे ठोकले. इतका खूश होतो की फोटो काढून बायकोला पाठवला.

बाई आल्या, टेप लावला, आणि काही न बोलता उभ्या राहिल्या. दांडा रेघेच्या फुली असलेल्या बाजूला बसवायचा असतो. मी सगळे दुसऱ्या बाजूला बसवले होते. प्रत्येक दांडा दीड इंच सरकलेला. वरून ठोकायच्या प्लायच्या शीटचा सांधा दांड्याच्या मधोमध यायला हवा, तो आता हवेत आला असता. आमच्या धंद्यात या चुकीला नाव आहे, 'ऑफ बाय वन'. तिथे एक अक्षर बदललं की काम होतं. इथे अकरा दांड्यांचे चव्वेचाळीस खिळे उपटायचे होते.

मला मदतीला आल्या त्या त्याच, कॉटेजमध्ये भेटलेल्या. छोटी पहार घेऊन माझ्यासमोर गुडघ्यावर बसल्या. मी तीन-चारदा सॉरी म्हणालो.

"माझं नाही हे घर," त्या खिळा ओढत म्हणाल्या. "हे बेकरीवाल्याचं. पण त्याची मुलगी या भिंतीला टेकून झोपणार आहे, तेव्हा नीट करू."

दुपारी ती भिंत उभी राहिली. बाईंनी ओळंबा सोडला. शेंड्याला दोरी, खाली टोकदार वजन. तो ओळंबा पाहिला आणि मला एकदम माझं लहानपण आठवलं. आमच्या गावी, गुहागर तालुक्यात, चिऱ्याचं घर बांधताना गवंडी असाच ओळंबा सोडायचा आणि आम्हा पोरांना दम द्यायचा, "वारा घालू नका रे!" त्याच्या पिशवीत पाणसळ असायची, गुण्या असायचा. आणि पावसाच्या आधी शाकारणीला सगळी वाडी यायची. आज याचं छप्पर, उद्या त्याचं. कौलं हातोहात वर जायची. पैसे कुणी मोजत नसे, चहा आणि जेवण मात्र मोजून असे. आपल्याकडे याला काही योजनेचं नाव नव्हतं. ते करायचंच असतं म्हणून करत.

त्यानंतर मी महिन्यातून दोन शनिवार जाऊ लागलो. बायकोही तीन-चारदा आली. तिने रंगकामात माझ्यापेक्षा बरंच नाव काढलं.

एका दुपारी जेवताना मी मनात घोळत असलेला प्रश्न विचारला. "समजा दहा वर्षांनी तुमच्यातल्या कुणी हे घर माझ्यासारख्याला विकलं तर?" क्षणभर सगळे गप्प. मग सुपरवायझर बाई म्हणाल्या, "म्हणून तर कागद महत्त्वाचे. भिंत सरळ बांधणं सोपं. कागद सरळ बांधणं अवघड. लोपेझला जाऊन बघ."

लोपेझ हे शेजारचंच बेट. रस्त्यात समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करण्याच्या रिवाजासाठी प्रसिद्ध. तिथे १९८९ मध्ये 'लोपेझ कम्युनिटी लँड ट्रस्ट' सुरू झाला. त्याच वर्षी ऑर्कस बेटावर 'ओपल' नावाचा तसाच ट्रस्ट निघाला. यांची युक्ती साधी आहे. जमीन ट्रस्टची, म्हणजे सगळ्या बेटाची. ती कधीच विकायची नाही. त्यावरचं घर कुटुंबाचं. जमिनीचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा असतो. घर सोडून जायचं झालं तर ठरलेल्या सूत्राने किंमत मिळते. घातलेलं मिळतं, थोडी वाढही मिळते, पण बाजारभाव मिळत नाही. त्यामुळे पुढच्या नर्सला किंवा शिक्षकालाही ते घर परवडतं. लोपेझवर 'कॉमन ग्राउंड' नावाची वस्ती बघितली. गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंती, वर मातीचा गिलावा, छपरांवर सोलर पॅनल, पावसाचं पाणी साठवायची सोय. राहणाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी मिळून बांधलेली. मातीचा गिलावा बघून आईला व्हिडिओ कॉल केला. ती म्हणाली, "अरे, हे तर आम्ही शेणमातीने करायचो. यासाठी अमेरिकेला गेलास?"

ओपलने तर कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात पाडायला काढलेली जुनी घरं अख्खीच्या अख्खी बार्जवर घालून समुद्रातून आणली आणि ऑर्कसवर नव्या पायावर बसवली.

परतीच्या फेरीची रांग दोन तासांची होती. गाडीत बसून फोनवर वाचत होतो, ही लँड ट्रस्टची कल्पना आली कुठून. पहिला असा ट्रस्ट १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात निघाला. नागरी हक्कांच्या चळवळीत भाग घेतला म्हणून जमिनीवरून हाकलल्या गेलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी. सुमारे ५,७०० एकर जमीन. त्यामागे जे लोक होते त्यांत रॉबर्ट स्वान नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी आणि त्यांचे गुरू राल्फ बोर्सोडी यांनी जिथून प्रेरणा घेतली त्यातलं एक नाव वाचलं आणि मी सीटवर सरळ होऊन बसलो. ग्रामदान. विनोबा भावे.

शाळेत विनोबांवर पाच मार्कांची टीप यायची. जन्म १८९५, गागोदे, पेण तालुका. १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर दिली, तिथून भूदान सुरू. एवढं पाठ. त्याच्या पुढचं मात्र मी कधी विचारात घेतलं नव्हतं. दिलेली जमीन एकेकट्याच्या नावावर राहिली, तर अडीनडीला ती पुन्हा सावकाराकडे जाणार. म्हणून पुढची पायरी ग्रामदान. मालकी गावाची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा. गड्याने कसावं, मुलाबाळांनी कसावं, पण विकून बाहेर जाऊ नये. आपल्याकडे त्यासाठी १९६४ चा कायदाही आहे आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने ग्रामदानाची वाट धरली. बाकी भूदानाची बरीच जमीन कागदावरच राहिली, हेही खरंच. पण पायी फिरणाऱ्या एका मराठी माणसाच्या विचारातला एक धागा जॉर्जियामार्गे या थंड समुद्रातल्या बेटावर आला होता. आणि गागोद्याहून दोनशे किलोमीटरच्या आतला मी तो वाचत होतो, फेरीच्या रांगेत.

इथे हा लेख संपला असता तर छान झालं असतं. पण सप्टेंबरमध्ये बाबांचा फोन आला.

गावच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं होतं. पुण्याचे कुणी, समुद्र जवळ आहे म्हणून बंगले बांधणार. भाव चांगला. काका तयार, आत्या तयार. बाबांनी आपला हिस्सा तीन वर्षांपूर्वीच माझ्या नावावर केलेला, त्यामुळे सातबाऱ्यावर माझं नाव. कुलमुखत्यारपत्रावर सही करून पाठव, म्हणाले. मग थोडं थांबून, "एकच आहे, त्यांना जागा पूर्ण मोकळी हवी."

म्हणजे खालच्या घरचे तात्या. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी वहाळाच्या पुरात त्यांच्या वडिलांचं घर गेलं, तेव्हा आजोबांनी आमच्या जमिनीच्या कोपऱ्यातली दोन गुंठे जागा दाखवली आणि म्हणाले, इथे बांध. कागद नाही, नोंद नाही. नुसता शब्द. त्यानंतर दरवर्षी आमच्या घराची शाकारणी तात्यांनी केली. आजी गेली तेव्हा आम्ही पोचायच्या आधी सगळं त्यांनीच बघितलं. "त्यांना काहीतरी रक्कम देऊ," बाबा म्हणाले. आवाजावरून कळत होतं, त्यांनाही ते आवडलेलं नव्हतं.

मी बाबांना म्हणालो, विकायची तर विकू. काकांना पैशांची गरज आहे, मला माहीत आहे. पण आधी ती दोन गुंठे तात्यांच्या नावावर करू, मगच माझी सही. फोनवर बराच वेळ शांतता. मग काकांचा फोन आला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. अमेरिकेत बसून समाजसेवा सुचते, हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. त्यांचं अगदीच चुकीचं होतं असंही नाही. भाव उतरला, तर मला फरक पडत नाही. त्यांना पडतो.

शेवटी हिशेब असा ठरला की भाव जेवढा उतरेल तेवढं माझ्या हिश्श्यातून जाईल. आता वकिलांचं म्हणणं, तुकडेबंदीच्या कायद्यामुळे दोन गुंठ्यांचं सरळ खरेदीखत करता येत नाही, मार्ग काढावा लागेल. तो अजून निघतोय. पुण्याचं गिऱ्हाईक थांबेल की जाईल, सांगता येत नाही. तात्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुझ्या आजोबांनी कागद केला नाही, कारण तेव्हा गरज नव्हती."

भिंत सरळ बांधणं सोपं, हे सुपरवायझर बाईंचं वाक्य मला तेव्हा खरं कळलं.

यंदा मार्चमध्ये सहाही घरं पूर्ण झाली आणि सहाही किल्ल्या एकाच दिवशी दिल्या गेल्या. रिलीज असल्यामुळे मला जाता आलं नाही. त्या बाईंनी फोटो पाठवला. रिकामी खोली, भिंतीशी चार खोकी, आणि दोन्ही मुलं जमिनीवर आडवी पडून छताकडे बघताहेत. खाली लिहिलं होतं, "जून आला तरी इथेच."

आमचं वीकेंडचं घर काही झालं नाही. या काउंटीतल्या मतदारांनी २०१८ मध्ये घरखरेदीवर अर्धा टक्का जादा कर स्वतःहून लावून घेतला, परवडणाऱ्या घरांसाठी. तो बहुतेक खरेदीदारानेच भरायचा असतो. घर घेतलं असतं तर मीही भरला असता आणि स्वतःला उदार समजलो असतो.

पुढच्या गटाचं काम सुरू होतंय. सुपरवायझर बाईंचा मेसेज आला आहे, "फुलीच्या बाजूला." हातोडा गाडीतच आहे.